लाल ठिपक्याची पाच काडतुसं

ग्लेनकॅरन, ओटागो
३ फेब्रुवारी २०१४

ड्यूगल,

प्रिय-बिय लिहीत नाही. बारा वर्षांत आपण एकमेकांना एक ओळ पाठवली नाही, तेव्हा आज एकदम प्रिय कुठून होशील? तिकडे वाळवंटातला तुझा कालगुर्लीचा पत्ता ओमारूच्या आत्याकडून मिळाला. तिला तू दर नाताळला कार्ड पाठवतोस म्हणे. सख्खी बहीण मात्र मेली असं समजून बसलास. असो.

काम आहे म्हणून लिहितेय. माझा बंदुकीचा परवाना एप्रिलअखेर संपतोय. नवा करताना पोलिसांकडून एक माणूस घरी येतो, कपाट-कुलूप तपासतो आणि दोन जणांना माझ्याबद्दल विचारतो. एक बाहेरचा आणि एक रक्ताचा. बाहेरचा ईवर्ट हेग आहे. तो अजून नेमबाजी क्लबचा अध्यक्ष आहे, ऐंशी उलटली तरी खुर्ची सोडत नाही. रक्ताचं कोण? नीलला जाऊन सहा वर्षं झाली, आणि नवरा म्हणजे तसाही रक्ताचा नव्हे. मूलबाळ नाही. आत्याला ऐकू येत नाही. मागच्या वेळी तिने पोलिसाला फोनवर सांगितलं की लॉर्ना अजून शाळेत जाते. राहिलास तू. मी तुझं नाव टाकून मोकळी झाले. विचारून टाकलं नाही, कारण तू नाही म्हणाला असतास.

तुला विचारतील, पिते का, चिडते का, बंदुका कुलपात ठेवते का, हिच्या हाती बंदूक द्यावी असं तुला वाटतं का. चिडते म्हणून सांग, ते खरंच आहे. बाकीच्यांचीही खरीखुरी उत्तरं दे. माझ्यावर उपकार कर असं मी म्हणत नाही. पण एवढं माहीत असू दे की अकरा शेतांवरचे ससे मी मारते आणि त्यावरच जगते. परवाना गेला तर चोपन्नाव्या वर्षी चेरीच्या शेडमध्ये सरकत्या पट्ट्यापुढे उभी राहून डागी फळं वेचावी लागतील. मी ते करणार नाही.

तो जुना विषय काढायचा असेल तर खुशाल काढ. मला भीती नाही. बाबांच्या खिशात तुझी काडतुसं सापडली, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. तुझी निशाणीची, म्हणजे नेमबाजीच्या स्पर्धेची काडतुसं, बुडाला आईच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका. तसा ठिपका तुझ्याशिवाय कुणी देत नव्हतं. ईवर्टने स्वतःच्या हाताने चार काढली. पाचवं बाबांनी त्या हरणाच्या नरावर उडवलं होतं. क्लबने तुझं संघाचं कप्तानपद काढून घेतलं ते उगाच नाही. त्या बैठकीत मी गप्प बसले, तुझ्याविरुद्ध एक शब्द बोलले नाही. एवढं लक्षात ठेव.

लॉर्ना


२ मार्च २०१४

ड्यूगल,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चार ओळी. पोलिसांचा फोन आला तर बोलेन, तब्येत बरी आहे, इथे उकाडा फार आहे. आणि शेवटी हे: "तू क्लबात नवीन लोकांना शिकवतेस असं आत्या म्हणाली. शिकारीला काडतूस कसं निवडायचं, ते काय सांगतेस त्यांना?"

बारा वर्षांनी हाच प्रश्न सुचला तुला? ठीक आहे. परीक्षाच घ्यायची आहे ना, घे.

यंदा सहा जण आहेत. त्यातली टॅम्झिन नावाची नर्स आहे, चणीने एवढीशी, पण जीभ चाकूसारखी. पहिल्या रविवारी ती डनेडिनच्या एका दुकानदाराने गळ्यात मारलेली मॅग्नम रायफल घेऊन आली. काडतूस बघशील तर माझ्या मधल्या बोटापेक्षा लांब. म्हणाली, हरीण मोठं असतं ना, म्हणून मोठं घेतलं. मी म्हटलं, बाई, या काडतुसाने तू हरणाआधी स्वतःच्या खांद्याची शिकार करशील. तीन गोळ्यांनंतर ती चाप ओढायच्या आधीच डोळे मिटू लागली. एकदा का धक्क्याची धास्ती बसली की जगातलं सगळ्यात भारी काडतूसही धुराचा खर्च. ती बंदूक कपाटात ठेवायला लावली आणि तिच्या हाती माझी हलकी टू-फॉर्टी-थ्री रायफल दिली. दोन रविवारांत शंभर मीटरवर बशीएवढ्या जागेत गोळ्या टाकायला लागली.

तर मी काय सांगते ते ऐक. आधी जनावर ठरवा, मग अंतर, मग आपला खांदा, आणि काडतूस सगळ्यात शेवटी. सशाला बावीसची छोटी बंदूक पुरे. बकरी आणि लहान हरणं यांना टू-फॉर्टी-थ्री, हात नीट असेल तर. मोठ्या नराला बाबांची थ्री-नॉट-एट. तिने भागत नसेल तर दोष बंदुकीचा नसतो. डब्यावरचा मोठा आकडा हरीण वाचत नाही. गोळी कुठे बसली आणि आत जाऊन काय केलं, एवढंच त्याला कळतं. काडतूस बदललं तर पुन्हा चांदमारीवर या आणि दुर्बीण जुळवा. त्याच नळीतून, त्याच वजनाची, पण दुसऱ्या डब्यातली गोळी चार बोटं डावीकडे जाऊ शकते. आणि खिशात एका वेळी एकाच जातीची काडतुसं. एक जात, एक खिसा. हे मी त्यांच्याकडून पाढ्यासारखं म्हणून घेते.

आणि जनावर जखमी झालं तर मागे जायचं. दिवस मावळला, पाऊस लागला, गुडघे दुखले, काही चालत नाही. हा नियम बाबांचा, आणि इथल्या प्रत्येकाचा. जखमी जनावर टाकून आलेल्या माणसाला ईवर्ट अजूनही चहा विचारत नाही.

निशाणीची गोळी शिकारीला का नको, तो धडा शेवटच्या रविवारी घेते. दरवर्षी तो शेवटीच असतो. बास, झाली तुझी परीक्षा. किती गुण दिलेस ते कळव, नाही दिलेस तरी मला फरक पडत नाही.

लॉर्ना

ता. क. उकाडा फार असेल तर घरी ये, असं लिहिणार होते. मग म्हटलं, कशाला.


१७ मार्च २०१४

ड्यूगल,

काल तो शेवटचा रविवार होता.

मी नेहमीप्रमाणे दोन गोळ्या हातात घेतल्या. एक शिकारीची, टोकाला मऊ शिसं असलेली, ती आत जाऊन अळंबीसारखी फुलते. दुसरी निशाणीची, बारीक टोकाची, सुंदर, ती कागदाला भोक पाडण्यासाठीच जन्माला आलेली. कागदावर तिच्यासारखी कुणी नाही. जनावरात मात्र काय करेल याचा नेम नाही. कधी सुईसारखी आरपार जाते आणि जनावराला दोन डोंगर पळायला मोकळं ठेवते, कधी खांद्याच्या हाडावरच फुटून तिचा भुगा होतो. मग मी दरवर्षी सांगते ती गोष्ट सांगितली. आर्ची पेट्री, माझे बाबा, वय सत्तर. एप्रिलचा महिना, हरणांचे नर माजावर येऊन ओरडायला लागलेले. खिशात मुलाची निशाणीची काडतुसं. नेम अचूक लागला, गोळी आरपार गेली, नर पळाला, म्हातारा मागे गेला, कड्यावरून पाय घसरला. तीन दिवसांनी इस्पितळात वारले. मुलगा निष्काळजी होता. मी "निष्काळजी" म्हणते. दरवर्षी म्हणते.

 तेवढ्यात टॅम्झिनने विचारलं, "पण ती बाबांच्या खिशात ठेवली कुणी?"

मी म्हटलं, मुलाचीच होती ती.

"त्याची होती हे कळलं हो. नवऱ्याची औषधं सासूच्या पोटात गेली, म्हणून ती नवऱ्यानेच दिली असं होत नाही. ठेवली कुणी?"

मी म्हटलं, धडा संपला, पितळी कवचं गोळा करा. बारा वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, ड्यूगल. ईवर्टने नाही, पोलिसांनी नाही, तूही नाही. ठिपका पाहिला आणि सगळ्यांना उत्तर मिळालं. एका नर्सला तो सुचला, कारण रोज गोळ्या मोजून देणं हेच तिचं काम.

आता ऐक. मध्ये थांबले तर पुन्हा लिहिणार नाही, म्हणून एका दमात लिहिते.

मी ठेवली. चुकून नाही. डबे अदलाबदल झाले नाहीत, घाईत हात चुकला नाही. मी निवडली.

त्या शनिवारी मी बाबांना चांदमारीवर घेऊन गेले होते, तू डनेडिनला स्पर्धेला गेला होतास. त्यांचे हात कापत होते, तुला आठवत असेल. आइस्क्रीमच्या डब्यातली त्यांची शिकारीची काडतुसं कागदावर पंजाएवढी पसरत होती. ते चिडले, म्हणाले, यंदा शेवटचं वर्ष, पुढच्या वर्षी बंदूक तुला देऊन टाकतो. मला ते बघवलं नाही. म्हणून घरी येऊन तुझ्या पत्र्याच्या डब्यातली काही काढली आणि रविवारी बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवून, त्यांना न सांगता, त्यातली पाच उडवायला दिली. पाचही गोळ्या एका नाण्याखाली झाकल्या असत्या. बाबा लहान मुलासारखे हसले. म्हणाले, अजून येतंय की मला.

मग मंगळवारी ते निघाले तेव्हा दारातून ओरडले, "लॉर्ना, पाच दे गं." आइस्क्रीमचा डबा माझ्या हातात होता. मी तो खाली ठेवला आणि तुझ्या डब्यातून काढलेली उरलेली पाच दिली. त्यांचं लक्ष बुटांच्या नाड्यांकडे होतं, बुडाकडे बघितलंच नाही. शिकारीला कुठली गोळी लागते हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. बेचाळीस वर्षांची होते, तुझ्याइतकंच शिकलेले. पण कागदावरची ती पाच भोकं डोळ्यांसमोर होती. वाटलं, इतकी अचूक गोळी, बरगडीमागे बसली की नर जागेवर कोसळेल, आणि बाबांना शेवटचा नर मिळेल. कागद बघून जनावरासाठी काडतूस निवडलं. आता नवीन लोकांना जे शिकवते ते सगळं त्या एका सकाळी मी पायाखाली तुडवलं.

आणि नेम अचूकच लागला. ईवर्टला तो नर चार दिवसांनी ओढ्यात सापडला. बरगडीमागे पेन्सिलीएवढं भोक, आत आणि बाहेर. बाबांनी काहीच चुकीचं केलं नव्हतं.

बैठकीत मी गप्प बसले असं पहिल्या पत्रात मोठ्या तोऱ्यात लिहिलं. हो, गप्प बसले. क्लबच्या कप्तानांच्या फळीवरून तुझं नाव पुसलं तेव्हाही, तू गाडीत बॅग टाकलीस तेव्हाही. नंतर तर गप्पही बसले नाही. दरवर्षी सहा नव्या लोकांना तू निष्काळजी होतास असं सांगत आले.

माफी मागत नाही. माफी मागायची माझी लायकी उरली असं मला वाटत नाही, आणि रडत बसणं मला जमत नाही. पोलिसांचा माणूस पुढच्या आठवड्यात तुला फोन करील. त्याला हे सगळं सांगायचं असेल तर सांग. परवाना गेला तर गेला. चेरी वेचीन. मी घाबरलेय असं मात्र समजू नकोस.

लॉर्ना


६ एप्रिल २०१४

ड्यूगल,

तू गाढव आहेस.

काल पाराता आला होता. वायरेमू पाराता, पोलिसातून निवृत्त झालेला, हल्ली परवान्यांची चौकशी तोच करतो. शांत माणूस. कपाट बघितलं, कुलूप ओढून बघितलं, काडतुसांची पेटी वेगळी आहे ना ते बघितलं. मी चहा केला, खजुराचे स्कोन काढले. दोन खाल्ले त्याने. मग कागद काढला आणि म्हणाला, भावाशी बोललो, सगळं उत्तम आहे. माझ्या हाती बंदूक म्हणजे बँकेत ठेवल्यासारखी, असं तू म्हणालास म्हणे. मी त्याच्या कपात आणखी चहा ओतला. मग त्यानेच विषय काढला. म्हणाला, वडिलांचं ते जुनं प्रकरण माझ्या कानावर होतं, म्हणून विचारलं. भावाने स्वतःहून सांगितलं की ती काडतुसं त्यानेच वडिलांच्या खिशात ठेवली, घाईत डबा चुकला. तुम्ही तर तेव्हा घरातही नव्हता.

ड्यूगल, माझं पत्र तुझ्या हातात होतं. माझ्याच अक्षरात सगळं लिहिलेलं होतं. ते वाचून, घडी घालून, तू फोन उचललास आणि हे बोललास.

पाराताने सहीसाठी पेन काढलं होतं. गप्प बसले असते तर दहा वर्षांचा परवाना टेबलावर होता. गप्प बसण्यात मी बारा वर्षांची सराईत, हे तुला ठाऊकच आहे.

मी म्हटलं, "माझा भाऊ खोटं बोललाय."

तो म्हणाला, "बाई, मी तुम्हाला ते विचारलेलं नाही."

"नसेल विचारलं. मी सांगतेय. ती काडतुसं मी दिली. डबा चुकला नव्हता."

त्याने पेन खाली ठेवलं. मी सगळं सांगितलं, तुला लिहिलं तसंच, वर रविवारच्या त्या पाच भोकांचंही. त्याने कागदाचं नवं पान उलटलं. मग म्हणाला, हे मला लिहून घ्यावं लागेल, आणि निर्णय माझ्या हातात राहणार नाही. मी म्हटलं, लिहा, शुद्धलेखन मी तपासते. तेव्हा मात्र तो थोडा हसला. निकाल लागेपर्यंत बंदुका दुसऱ्याकडे ठेवा असा सल्ला दिला. आज सकाळी तिन्ही क्लबातल्या ईवर्टच्या कपाटात ठेवून आले.

आणि तिथेच, चांदमारीवर, चहाच्या टेबलापाशी, सगळ्यांसमोर सांगितलं. ईवर्ट, टॅम्झिन, जुने-नवे सगळे होते.  ईवर्टने कप खाली ठेवला. शेवटी तो म्हणाला, "मी त्या पोराकडे बारा वर्षं बघितलं नाही." तू साठीचा झालास, त्याच्यासाठी अजून पोरच. दुपारी त्याने स्वतः शिडी लावली आणि फळीवर पुसलेल्या जागी तुझं नाव परत लिहायला घेतलं. अक्षर वाकडं येतंय, हात बाबांसारखाच कापतोय, पण दुसऱ्या कुणाला ब्रश देत नव्हता. टॅम्झिनने शिडी धरली. मला जवळ येऊ दिलं नाही, आणि ते बरोबरच केलं.

आता तुझ्याशी भांडण. घरी येऊन शांत बसले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तुझ्या डब्यात नेहमी मोजून पन्नास असायची. शनिवारी मी दहा काढली होती, पाच उडवायला आणि पाच खिशात. डनेडिनहून परत आल्यावर डबा उघडलास तेव्हा तुला कळलंच असणार. घरात बाबांखेरीज आपण दोघंच; आई आधीच गेलेली, नील नंतरचा. तू दिली नव्हतीस, म्हणजे कुणी दिली? तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बैठकीत तू तोंड उघडलं नाहीस, कारण उघडलं असतंस तर माझं नाव निघालं असतं. बॅग घेऊन गेलास. आणि काडतूस कसं निवडायला शिकवतेस, हे विचारलंस ते परीक्षा म्हणून नव्हे. मी सावरले की नाही, हे बघत होतास.

तू मला माफ केलंस ते कुणाला विचारून? माझ्या गुन्ह्याचं काय करायचं हे तू एकट्याने कसं ठरवलंस? मी तुला बारा वर्षं निष्काळजी म्हणत राहिले आणि तू तिकडे वाळवंटात बसून ते ऐकत राहिलास. आत्या दर नाताळला सगळं कळवतच असणार. एकदा तरी उलट उत्तर दिलं असतंस. एकदा फोनवर शिव्या दिल्या असत्यास तर मी त्याच दिवशी कोलमडले असते, आणि बरं झालं असतं. तुझ्या चांगुलपणाचा मला राग येतोय. इतका की पत्र चार वेळा फाडलं.

पाराता तुला पुन्हा फोन करणार आहे, दोन्ही जबाब जुळत नाहीत म्हणून. परवाना वाचवायला तुझी गरज नाही. तो गेला तरी मी इथेच राहीन आणि सशांना सापळे लावीन, सापळ्याला परवाना लागत नाही. पण या वेळी फोनवर बहीण म्हणून मला पाठीशी घालू नकोस. त्या माणसाने विचारलं, कुणी दिली, तर लॉर्ना म्हण. एकदाच. मोठ्याने.

नंतर हवं तर फोन ठेवून रड. मीही रडतेय.

लॉर्ना